चौथी सीट, पाचवा रेणू: दाट बर्फाबद्दलच्या त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर मामांनी गेल्या आठवड्यात बर्फावरचा एक लांबलचक मजकूर टाकला आणि खाली लिहिलं, "तू हेच शिकवतोस ना? सांग बरं, खरं आहे का." मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे असले प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. मजकूर तसा जुना आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या ख्रिस्टोफ झाल्त्समन यांच्या गटाने बर्फाचा एक नवा अस्फटिकी (म्हणजे रेणूंची लांबवर एकसारखी रांग नसलेला) प्रकार 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केला. तेव्हापासून असे मजकूर फिरताहेत, आणि दर फेरीत त्यांना एखादी शेपटी जास्तीची फुटते.

मामांनी पाठवलेल्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. शास्त्रज्ञांना 'दाट बर्फ' सापडला आहे. त्याला रचनाच नसते, रेणू कसेही पसरलेले असतात. दाबामुळे रेणू एकमेकांच्या जवळ सरकतात, म्हणून तो जड होतो. तो म्हणजे उणे १९६ अंशांना दाबून वितळवलेला बर्फ. पाण्यात टाकला तर तो ना बुडतो ना तरंगतो. बर्फ आणि पोलादी गोळ्या डब्यात घालून हलवल्या की कुणालाही तो बनवता येतो. विश्वातला बहुतेक बर्फ हाच आहे. आणि त्यामुळे पाण्याची दोन वेगळी द्रवं असतात हे सिद्ध झालं असून शाळेची पुस्तकं बदलावी लागणार आहेत.

यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एखादा कण आहे. निखळ थाप एका ओळीत उडवून लावता येते. अर्धं खरं असलं की बसून निवडावं लागतं, तांदळातले खडे निवडावेत तसं.

आधी नावं लावून घेऊ, नाहीतर पुढे सगळा गोंधळ होईल. फ्रीजमध्ये होतो तो स्फटिकी बर्फ, षट्कोनी जाळीचा. त्याची घनता ०.९२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. अस्फटिकी बर्फ मात्र एक नाही. हलका प्रकार म्हणजे एलडीए, घनता ०.९४. दाट प्रकार एचडीए, १.१७. त्याहून दाट व्हीएचडीए, १.२५ च्या आसपास. आणि २०२३ चा मधला प्रकार एमडीए, १.०६. अस्फटिकी प्रकारांचे हे आकडे दाब काढून घेतल्यावरचे, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाखालचे, पण द्रव नायट्रोजनच्या थंडीतले आहेत. मजकुरात 'दाट बर्फ' म्हणून जे काही लिहिलंय, त्यात ही चारही नावं एकाच पातेल्यात घातलेली आहेत. एक वाक्य एमडीएबद्दलचं, दुसरं एचडीएबद्दलचं, तिसरं एलडीएबद्दलचं, आणि कर्ता मात्र एकच.

आता पहिला दावा, आणि माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ: 'रचनाच नसते'.

अस्फटिकी म्हणजे एवढंच, की लांब पल्ल्याची आवर्तनं नसतात. स्फटिकात एका रेणूपाशी उभं राहून तुम्ही सांगू शकता की याच दिशेला हजार रेणू ओलांडल्यावर कोण कुठे बसलाय. अस्फटिकी बर्फात तसं सांगता येत नाही. पण शेजारी कोण, किती अंतरावर, कोणत्या कोनात, हे इथेही ठरलेलं असतं. पाण्याच्या रेणूला दोन हायड्रोजन द्यायला आणि दोन जागा घ्यायला, म्हणून चार हायड्रोजन बंध (एका रेणूच्या हायड्रोजनची दुसऱ्याच्या ऑक्सिजनशी असलेली ओढ). हे चार शेजारी चतुष्फलकाच्या चार टोकांना बसतात, मधला कोन १०९.५ अंशांच्या आसपास, आणि ऑक्सिजन ते ऑक्सिजन अंतर सुमारे २.७५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). षट्कोनी बर्फात हे असंच आहे. एलडीएतही असंच आहे. आणि गंमत म्हणजे एचडीएतही हे चौघं जागेवरच आहेत.

हे कळलं कसं, ते बघण्यासारखं आहे. क्ष-किरणांना मुख्यतः ऑक्सिजन दिसतो. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, त्यामुळे तो जवळपास अदृश्य. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रावरून विखुरतात, आणि इथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. साध्या हायड्रोजनची विखुरण्याची लांबी (तो न्यूट्रॉनला किती आणि कसा विखुरतो याचं माप) ऋण आहे, उणे ३.७४ फेम्टोमीटर, त्याच्याच जड भावाची, ड्युटेरियमची, धन ६.६७. रसायनाच्या दृष्टीने दोघं जवळपास सारखे, पण न्यूट्रॉनला एक खड्डा दिसतो आणि एक उंचवटा. साधं पाणी आणि जड (ड्युटेरियमचं) पाणी ६४ ला ३६ या प्रमाणात मिसळलं तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि विखुरलेल्या न्यूट्रॉनच्या चित्रातून हायड्रोजन जणू गायबच होतो. म्हणून एकच बर्फ साध्या पाण्याचा, जड पाण्याचा आणि मिश्रणाचा असा तीनदा बनवायचा, तीनदा मोजायचा. मग तीन समीकरणांतून तीन उत्तरं निघतात: ऑक्सिजन-ऑक्सिजन, ऑक्सिजन-हायड्रोजन आणि हायड्रोजन-हायड्रोजन अंतरं. जॉन फिनी, ॲलन सोपर हे शास्त्रज्ञ आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या संशोधकांनी २००२ मध्ये अशाच मोजमापांतून एलडीए, एचडीए आणि व्हीएचडीए यांची रचना मांडली.

त्यातला ऑक्सिजन-ऑक्सिजनचा आलेख मी वर्गात फळ्यावर काढतो. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर त्या अंतरावर दुसरा ऑक्सिजन सापडण्याची शक्यता. रेणू खरोखरच 'कसेही पसरलेले' असते, तर सुरुवातीची बंदी (दोन रेणू एकमेकांत घुसू शकत नाहीत, ती) संपल्यावर रेघ सपाट गेली असती. एलडीएची रेघ तशी नाही. २.७५ पाशी एक उंच, टोकदार सुळका. मग ती जवळजवळ जमिनीला टेकते: तीन ते साडेतीन अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात कुणी राहतच नाही. मग साडेचारच्या सुमाराला दुसरा उंचवटा, म्हणजे शेजाऱ्यांचे शेजारी. (२.७५ ला १.६३३ ने गुणा. चतुष्फलकाच्या भूमितीने ४.४९ येतं. कागदावरचं गणित आणि न्यूट्रॉनची मोजणी एकाच जागी भेटतात, तेव्हा मला अजूनही बरं वाटतं.)

आता त्याच्याच खाली एचडीएची रेघ काढा. पहिला सुळका जवळजवळ तिथेच. पण मघाचा रिकामा पट्टा भरलेला. साडेचारचा उंचवटा पसरट होऊन आत घसरलाय. पहिल्या सुळक्यापासून ३.३ अँगस्ट्रॉमपर्यंत शेजारी मोजले तर एलडीएत चार येतात, एचडीएत पाच आणि व्हीएचडीएत जवळपास सहा.

हा पाचवा कोण, हे समजलं की दुसरा दावाही तिथेच पडतो.

'रेणू एकमेकांच्या जवळ सरकतात.' ऐकायला इतकं साहजिक, की मी स्वतः विद्यार्थी असताना हेच मानत होतो. दाबलं, जवळ आले, घनता वाढली. पण गणित करून बघा. एलडीए ०.९४, एचडीए १.१७. ही वाढ केवळ बंध आखूड होऊन झाली असती, तर घनता अंतराच्या घनाच्या उलट प्रमाणात बदलते या हिशेबाने प्रत्येक अंतर सात टक्क्यांनी कमी व्हायला हवं: २.७५ चं २.५६. व्हीएचडीएसाठी तर थेट २.५० पर्यंत. इतका आखूड हायड्रोजन बंध या बर्फांत कुणी मोजलेला नाही. मोजलं तर उलटंच दिसतं: दाट प्रकारांत पहिल्या शेजाऱ्याचं अंतर तेवढंच, किंबहुना किंचित जास्त. म्हणजे जड झालेला बर्फ आपल्या सख्ख्या शेजाऱ्यांपासून केसभर लांबच गेलाय.

मग घनता आली कुठून? मुंबईच्या लोकलमध्ये सेकंड क्लासची सीट तिघांची असते. संध्याकाळच्या विरारमध्ये कोणी तरी येतो, "जरा सरका" म्हणतो, आणि कडेला टेकतो: चौथी सीट. एक पाय पॅसेजमध्ये, अर्धं अंग हवेत. आधीचे तिघं एकमेकांच्या मांडीवर गेलेले नसतात. त्यांची जागा जवळपास तीच राहते, फक्त मोकळी होती ती फट भरते. आणि त्या चौथ्याचं या तिघांशी काहीच नातं नसतं. त्याची माणसं पलीकडच्या भजनी मंडळात असतात.

दाट बर्फातला पाचवा रेणू हा असा आहे. तो पहिल्या चौघांच्या मधल्या फटीत, सव्वातीन अँगस्ट्रॉमच्या आसपास येऊन टेकतो, पण मधल्या रेणूशी त्याचा हायड्रोजन बंध नसतो. त्याचे स्वतःचे चार बंध दुसरीकडे, दुसऱ्या चौघांशी शाबूत असतात. उपमा लंगडी पडते ती इथे: लोकलमध्ये चौथा माणूस बाहेरून येतो. बर्फात बाहेरून कुणी येत नाही. जो काल साडेचार अँगस्ट्रॉमवर, दुसऱ्या कड्यात बसला होता, तोच जाळी वाकल्यामुळे आत येतो. आणि प्रत्येक रेणू कुणाचा तरी पाचवा असतो. बंध तुटत नाहीत, कोन मुरडतात. सहा-सहा रेणूंची नीट वलयं बिघडून लहान-मोठी होतात, आणि मोकळी जागा खाल्ली जाते.

मोकळी जागा मुळात किती होती, याचा अंदाज येण्यासाठी फळवाल्याकडचा संत्र्यांचा ढीग आठवा. आतल्या प्रत्येक संत्र्याला बारा संत्री टेकलेली असतात. पाण्याचे रेणू २.८ अँगस्ट्रॉम व्यासाचे गोळे धरून तसे रचले, तर घनता १.९ च्या पुढे जाईल. फ्रीजमधला बर्फ ०.९२, म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी. बर्फात रेणूंपेक्षा पोकळीच जास्त. चार बंधांच्या हट्टापायी पाण्याने एवढं मोठं अंगण रिकामं ठेवलेलं असतं. दाट अस्फटिकी बर्फाने त्याचा एक कोपरा तेवढा वापरात आणला.

स्फटिकी बर्फही हीच युक्ती करतो, फक्त जास्त शिस्तीत. खूप दाबाखाली होणाऱ्या 'बर्फ सात' या प्रकारात दोन पूर्ण जाळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रत्येक ऑक्सिजनला आठ शेजारी सारख्याच अंतरावर, पण बंध त्यातल्या चौघांशीच. उरलेले चौघं दुसऱ्या जाळीतले, परके. तेव्हा 'बंध नसलेला जवळचा शेजारी' ही काही अस्फटिकी बर्फाने काढलेली नवी कल्पना नाही.

'रचनाच नसते' हे वाक्य बरोबर असतं, तर एलडीए आणि एचडीए यांत फरकच उरला नसता. रचना नाही तर कशाची घनता बदलली?

पुढचा दावा: 'दाबून वितळवलेला बर्फ'. इथे मजकूर लिहिणाऱ्याला दोष देताना हात आखडता घ्यावा लागतो, कारण कॅनडातल्या ओटावामधल्या मिशिमा, कॅल्व्हर्ट आणि व्हॅली यांच्या १९८४ च्या 'नेचर'मधल्या मूळ लेखाच्या शीर्षकातच ७७ केल्विनला (म्हणजेच उणे १९६ अंशांना) बर्फ 'वितळवणे' असा शब्द आहे. त्यांचा विचार सरळ होता. साध्या बर्फावर दाब वाढवला की त्याचा वितळणबिंदू खाली येतो. सुमारे २ हजार वातावरणांच्या दाबाला (एक वातावरण म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेचा दाब) तो उणे २२ अंशांपर्यंत उतरतो. त्यापुढे बर्फाचे दुसरे स्फटिक आडवे येतात. पण ती उतरती रेघ तशीच खाली ओढत नेली, तर ७७ केल्विनला ती १० हजार वातावरणांच्या आसपास लागेल. इतक्या थंडीत रेणूंना दुसरा स्फटिक रचायला वेळच मिळणार नाही. मग बघू या काय होतं.

त्यांनी बर्फ दट्ट्याच्या नळीत घालून द्रव नायट्रोजनच्या थंडीत दाबला. या कामात बर्फाभोवती इंडियम या मऊ धातूचं अस्तर लावतात. ते नसलं तर बर्फ नळीला घासतो, अडकतो, मग एकदम सटकतो. त्या धक्क्याने आतली थोडी जागा तापते आणि नको तो स्फटिक बनून बसतो. सगळी मेहनत पाण्यात. १० हजार वातावरणं म्हणजे मेरियाना गर्तेच्या तळाशी असतो त्याच्या जवळपास नऊपट दाब. तिथे पोचताच दट्ट्या एकाएकी आत गेला: बर्फाचं आकारमान धाडकन कमी झालं. काढून पाहिलं तर क्ष-किरणांच्या चित्रात स्फटिकाच्या तीक्ष्ण रेघा नव्हत्या, होते ते धूसर पट्टे.

पण तो वाहत नव्हता. ७७ केल्विनला ते घट्ट घनरूपच होतं. 'वितळला' म्हणजे जाळी ढासळली, एवढाच अर्थ तिथे घेता येतो, आणि तोही वादात आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या क्रिस टल्क आणि सहकाऱ्यांनी जड पाण्याचा बर्फ १०० केल्विनला अगदी सावकाश, थांबत थांबत दाबला. आणि त्यांना अस्फटिकी बर्फ मिळालाच नाही! एकामागून एक दाट स्फटिक मिळत गेले. त्यांचा निष्कर्ष असा, की घाईने दाबल्यावर मिळणारा दाट अस्फटिकी बर्फ हा वितळल्याचा पुरावा नसून स्फटिकातून स्फटिकाकडे जाताना वाटेत अडकून पडलेला प्रवासी आहे.

दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. हाच दाट बर्फ दाबाखाली थोडा तापवून मुरवला आणि दाब काढून हळूहळू गरम केला, तर ११६ केल्विनच्या आसपास तो काचेसारखा मऊ पडू लागतो, असं इन्सब्रुकच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं. एलडीएचा तसा बिंदू १३६ केल्विन. मऊ पडणारी काच म्हणजे फार चिकट, फार संथ द्रव. म्हणजे मुरवलेला दाट बर्फ एखाद्या द्रवाचा गोठलेला नमुना असू शकतो. मला स्वतःला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात: जन्म अपघाती, पण मुरल्यावर स्वभाव काचेचा. लोणच्याची फोड पहिल्या दिवशी नुसती कैरीच असते.

'ना बुडतो ना तरंगतो.' हे बहुधा सगळ्यात जास्त फिरलेलं वाक्य. बातमीदारांना एमडीएची घनता द्रव पाण्याच्या जवळ आहे हे सोप्या भाषेत सांगायचं होतं, आणि त्यातून हे निपजलं. १.०६ म्हणजे पाण्याहून सहा टक्के जास्त. समुद्राचं पाणी १.०२५ च्या आसपास असतं, त्याच्याहूनही जास्त. आकड्यांवर जायचं तर तो सरळ बुडेल.

प्रत्यक्षात तेही व्हायचं नाही. उणे १९६ अंशांचा तुकडा पेल्यातल्या पाण्यात टाकला, तर त्याचा पृष्ठभाग क्षणात तापणार. १५० केल्विनच्या, म्हणजे उणे १२३ अंशांच्या आसपास असले बर्फ स्फटिक होतात, आणि खोलीतलं पाणी त्याहून दीडशे अंशांनी गरम. १.०६ चा ०.९२ होताना तुकडा १५ टक्क्यांनी फुगणार, बहुधा तडकणार, भोवती पाण्याचा नवा बर्फ साचणार, आणि दोन घोट गिळायच्या आत पेल्यात वर तरंगणारा साधा बर्फाचा खडा उरणार. एचडीएचं याहून नाट्यमय. दाब काढून नुसता तापवला की १२० केल्विनच्या थोडं पुढे तो एलडीए होतो आणि सव्वापट फुगतो. हे बदल उष्णता बाहेर टाकत होतात. एमडीएबाबत झाल्त्समन यांच्या गटाला तर असं दिसलं, की आधी दाबून मग तापवला तर स्फटिक होताना तो बरीच साठवलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडतो. गॅनिमीडसारख्या बर्फाळ चंद्रांवर याचा काही परिणाम होत असेल, अशी शक्यता त्यांनी मांडली. शक्यता! मजकुराच्या एका आवृत्तीत तिचा 'बर्फाचे बॉम्ब' झालेला मी पाहिलाय.

'कुणालाही बनवता येतो.' नाही. एमडीए असाच बनवला, म्हणून पोलादी गोळ्या खऱ्या, डबा खरा, हलवणं खरं; पण डबा द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठेवलेला असतो, आणि तीच सगळी मेख आहे. गोळ्या बर्फाचा नुसता चुरा करत नाहीत, स्फटिकाचे थर एकमेकांवरून घासत नेतात; थंडी एवढी असते की विस्कटलेल्या रेणूंना परत जागेवर जायला बळ नसतं. चौपाटीवरचा गोळेवाला बर्फ किसतो तेव्हाही स्फटिक घासले जातातच, पण शून्य अंशाला रेणू पुन्हा आपली जागा धरतात. काला खट्ट्यातला चुरा कितीही बारीक असला, तरी त्याचा प्रत्येक कण षट्कोनी जाळीचाच. मिक्सरमध्ये प्रयोग करायचं कुणाच्या मनात असेल तर मिक्सर वाचवा.

अस्फटिकी बर्फ बनवण्याची जास्त वापरातली रीत वेगळीच आहे, आणि तिच्यातून मिळतो तो हलका प्रकार. पाण्याची अतिपातळ फिल्म द्रव इथेनमध्ये झपकन बुडवायची. सेकंदाला लाखभर अंशांहून जास्त वेगाने थंड झाल्याने स्फटिक बनायच्या आत पाण्याची काच होते. हायडेलबर्गला झाक दुबोशे यांनी १९८० च्या दशकात ही रीत बसवली. प्रथिनं त्या काचेत जशीच्या तशी राहतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं ते यासाठी. करोना विषाणूच्या काट्यांचं चित्र २०२० च्या सुरुवातीला आलं, तेही याच पद्धतीने. दाट बर्फाचा तिथे संबंध नाही, पण मजकुरात 'याच बर्फामुळे लस बनली' असंही एक शेपूट होतं, म्हणून सांगितलं.

'विश्वातला बहुतेक बर्फ हाच.' विश्वातला बहुतेक बर्फ अस्फटिकी असावा, हे बरोबर. दाट, हे नाही. ताऱ्यांमधल्या धुळीच्या कणांवर, १०-२० केल्विनच्या थंडीत, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन पाणी तयार होतं आणि तिथेच थिजतं. अवरक्त प्रकाशात तीन मायक्रॉनच्या आसपास त्याचा शोषणपट्टा दिसतो. स्फटिकी बर्फाचा पट्टा अरुंद आणि टोकदार, याचा रुंद आणि गोलसर. तिथे दाबाचं नाव नाही. प्रयोगशाळेत दहा केल्विनला वाफ थिजवून केलेल्या थरांत दाट मांडणीची चिन्हं दिसली आहेत खरी, पण तेवढ्यावरून १० हजार वातावरणांखालचा एचडीए आकाशगंगाभर पसरवता येत नाही. दाब हवा असेल तर मोठ्या बर्फाळ चंद्रांच्या पोटात जावं लागेल, आणि तिथे ऊब आहे, शिवाय अब्जावधी वर्षं आहेत. एवढी फुरसत मिळाली की पाणी स्फटिकच करतं. टल्क यांच्या प्रयोगशाळेत जे काही तासांत झालं, त्याहून तिथे वेगळं का व्हावं?

बरं, तो अवकाशातला हलका बर्फ तरी पूर्ण अस्फटिकी आहे का, यावरही २०२५ मध्ये शंका आली. लंडन आणि केंब्रिजच्या एका गटाने संगणकावर बनवलेल्या रचना मोजमापांशी ताडून पाहिल्या. सर्वात चांगली जुळणी झाली ती सुमारे पाचवा हिस्सा बारीक स्फटिकांचा असलेल्या रचनेशी, तीनेक नॅनोमीटर रुंदीच्या. हे एलडीएबद्दल आहे, पाचव्या शेजाऱ्याच्या कथेला त्याने धक्का लागत नाही. पण 'अस्फटिकी' हा शिक्का मारताना आता हात थोडा सैल ठेवलेला बरा.

राहिला शेवटचा दावा: दोन द्रवं सिद्ध झाली, पुस्तकं बदला.

कल्पना अशी आहे. १९८५ मध्ये मिशिमा आणि सहकाऱ्यांनी एलडीएवर दाब टाकला; ६ हजार वातावरणांच्या सुमाराला तो एकाएकी एचडीए झाला. हळूहळू दाटत गेला नाही, उडी मारून गेला. पाणी उकळताना वाफेत उडी मारतं, तशी उडी. १९९२ मध्ये पूल, शोर्तीनो, एसमान आणि स्टॅन्ली यांनी संगणकावरच्या पाण्यातून असं सुचवलं, की ही उडी वर, अतिशीत, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या, द्रव पाण्यातही चालू असावी. म्हणजे गोठणबिंदूच्या बरंच खाली पाणी दोन द्रवांत फुटत असावं, एक हलकं चार शेजाऱ्यांचं, एक दाट पाच-सहांचं. आणि कुठेतरी एक क्रांतिक बिंदू असावा, ज्याच्या पलीकडे दोन्ही एक होतात. चार अंशांना पाणी सर्वांत जड का असतं, यासारख्या कोड्यांचा उलगडा त्या बिंदूच्या सावलीत होईल, ही आशा.

अडचण अशी की तिथवर द्रव पाणी टिकतच नाही. बघायच्या आत स्फटिक होतं. २०२० मध्ये आन्डर्स निल्सन यांच्या स्टॉकहोमच्या गटाने कोरियातल्या पोहांगच्या क्ष-किरण लेसरवर ही शर्यत जिंकायचा प्रयत्न केला. एचडीएचा पातळ थर अवरक्त लेसरच्या एका झटक्यात सुमारे २०५ केल्विनपर्यंत तापवला आणि पुढच्या काही नॅनोसेकंदांपासून मायक्रोसेकंदांपर्यंत त्याची क्ष-किरण चित्रं घेतली. आधी दाट द्रव, मग त्यात हलक्या द्रवाचे फुगे, आणि त्यानंतर स्फटिक, असा क्रम त्यांना दिसला. हा आजवरचा बळकट पुरावा आहे, असं मी मानतो. पण तो काही मायक्रोसेकंदांचा आहे, आणि सुरुवात त्याच बर्फापासून होते ज्याच्या जन्माबद्दल टल्क यांनी प्रश्न उभा केलाय. 'सिद्ध' हा शब्द मी तरी फळ्यावर लिहिणार नाही.

पुस्तकं मात्र थोडी बदलावीत, या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूने आहे. स्थायू, द्रव आणि वायूची ती तीन चौकटींची आकृती असते ना, पहिलीत ठिपके ओळीने, दुसरीत गर्दी, तिसरीत चारदोन उडालेले? पहिल्या चौकटीखाली फक्त 'स्थायू' लिहिलेलं असतं. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना तिथे पेन्सिलीने 'स्फटिकी' हा शब्द घालायला सांगतो, आणि शेजारी कोऱ्या जागेत एक चौथी चौकट काढायला लावतो. तिच्यात ओळी नाहीत, पण मधल्या एका ठिपक्याभोवती चार ठिपके रेघांनी जोडलेले, आणि पाचवा, बिनरेघेचा, फटीत टेकलेला. तीच चौकट फोटो काढून मी मामांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं: "हा पाचवा चुकून राहिलाय का जोडायचा?"